एसेनचा खेळमेळा आणि आमचे वेळापत्रक

चिपळूणहून निघायला आठवडा उरला असताना आमच्या चिरंजिवांनी जेवणाच्या टेबलावर एक मोठा कागद पसरला. दोन दिवसांचे वेळापत्रक होते. एका खेळाला चाळीस मिनिटे, असे चोवीस खेळ, म्हणजे सोळा तास. मेळा दोन दिवस मिळून सतरा तास उघडा. उरलेला एक तास चालण्यासाठी. नववीत आहे, पण गणिताच्या वहीत इतका सुबक तक्ता मी कधी पाहिला नव्हता. मी विचारले, "यात जेवण कुठे आहे? आणि जोहरची नमाज?"

"अम्मी, चालता चालता खाऊ," तो म्हणाला. नमाजचे उत्तर दिले नाही, मात्र थोड्या वेळाने पाहिले तर पेन्सिलने एक बारीक रेघ वाढवलेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावाकडे जायचे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. तो जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरीला आहे. सहा वर्षांत आमची गाठ पडली नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात अम्मी गेल्या, तेव्हा कोरोनामुळे प्रवासावर निर्बंध होते. त्याने दफनविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा, तब्येत, पाऊस, मुलांचे शिक्षण, सगळे बोलणे व्हायचे. त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही दोघेही कधी बोललो नाही. तर अशा भावाकडे आम्ही दहा दिवसांसाठी निघालो होतो, आणि नेमका त्याच आठवड्यात शेजारच्या एसेन शहरात बैठ्या खेळांचा जगप्रसिद्ध मेळा होता. मामूने भाच्याला तिकिटे काढून दिली, आणि घरात दुसरा विषयच उरला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, खेळ म्हटले की आजकाल आपल्या डोळ्यांसमोर मोबाइल येतो. हा मेळा तसा नाही. इथे पट, पत्ते, लाकडी सोंगट्या आणि रंगीत ठोकळे. माणसे समोरासमोर बसतात. नाव 'श्पील', जर्मनमध्ये त्याचा अर्थच खेळ. याची सुरुवात मला फार आवडली. 'श्पीलबॉक्स' नावाच्या खेळांविषयीच्या एका मासिकाच्या वाचकांचा मेळावा १९८३ साली एसेनच्या प्रौढशिक्षण केंद्रात भरला होता. मासिकाच्या वाचकांनी एकत्र बसून खेळावे, एवढाच बेत. त्या मेळाव्याचे आज एवढे झाले आहे की २०२४ मध्ये चार दिवसांत दोन लाखांहून अधिक लोक आले. दरवर्षी हजारावर नवे खेळ इथे पहिल्यांदा मांडले जातात. दर ऑक्टोबरमध्ये गुरुवार ते रविवार, शहराच्या प्रदर्शन केंद्रात हा मेळा भरतो. २०२५ साली तारखा होत्या २३ ते २६ ऑक्टोबर.

आधी दिवस निवडायचे. आम्ही चार दिवसांपैकी दोनच घेतले, गुरुवार आणि रविवार. शुक्रवार सोडला तो जुम्यासाठी. दुपारी बाहेर पडून मशिदीत जायचे आणि पुन्हा त्या गर्दीत शिरायचे, यात दिवसाचा मधला भागच गेला असता. शनिवार सोडला तो सर्वांत जास्त गर्दीचा म्हणून. मला वाटते, ज्यांना दोन दिवस जायचे आहे त्यांनी मध्ये सुटी ठेवावी. पाय तर सुजतातच, पण डोकेही शिणते. तिकीट दिवसाचे असते आणि आधी ऑनलाइन घेतलेले बरे. दारावर मिळेल या भरवशावर राहू नये.

गुरुवारी सकाळी एसेनच्या मुख्य स्टेशनावर उतरलो. तिथून यू-११ ही भुयारी गाडी थेट प्रदर्शन केंद्राशी जाते. गाडीत शिरताच कळले की वाट विचारण्याची गरज नाही. पाठीवर रिकाम्या मोठ्या पिशव्या घेतलेली सगळी माणसे एकाच ठिकाणी निघाली होती. सत्तरीतले आजोबा होते, कडेवर बाळ घेतलेले आई-बाप होते, आणि दाढी वाढवलेली तरुण मुले तर डब्यात भरलेलीच होती. दहाला दारे उघडली. समोरच्या लोंढ्यातले निम्मे लोक पळू लागले. हे पळणारे लोक ठराविक दुकानांकडे धावतात, कारण काही नव्या खेळांच्या मोजक्याच प्रती आणलेल्या असतात आणि त्या पहिल्या तासात संपतात. चिरंजीवही पळाले. त्यांच्यामागे मामू, आणि मामूच्या मागे डबा, पाणी आणि जानमाजची पिशवी सांभाळत मी.

त्या दिवशी बारा खेळ व्हायचे होते. झाले चार.

कारणे साधी होती, पण घरी टेबलावर बसून ती सुचत नाहीत. प्रत्येक दुकानासमोर खेळून पाहण्यासाठी टेबले मांडलेली असतात, पण ती मोकळी नसतात. आधीचा डाव संपेपर्यंत खुर्चीमागे उभे राहावे लागते. मग नियम समजावणारा माणूस येतो. या लोकांना जर्मनमध्ये गमतीने 'समजावणारे अस्वल' असे नाव आहे. ती मुले-मुली दिवसभर तोच खेळ शंभरदा सांगतात, घसा बसलेला असतो, तरी हसून सांगतात. बहुतेकांना इंग्रजी चांगले येते. पण नीट समजावून घ्यायलाच पंधरा-वीस मिनिटे जातात. खोक्यावर '४५ मिनिटे' छापलेले असते ते नियम पाठ असलेल्यांसाठी. पहिल्यांदा खेळणाऱ्याने दीडपट-दुप्पट धरावी. शिवाय हॉल १ ते हॉल ६ हे कागदावर बोटाच्या अंतरावर असले तरी गर्दीतून जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. एका तासाची तरतूद होती, ती दुपारी साडेबारालाच संपली.

चिरंजिवांचा स्वभाव असा की पाठ मागे पडला की ते चिडतात. तिसरा खेळ खरे तर छान चालला होता. आमच्या टेबलावर नेदरलँड्सचे एक नवरा-बायको बसले होते. तो त्यांच्याशी हसत बोलत होता, आणि मध्येच घड्याळ पाहून म्हणाला, "उठा, पुढचा हॉल." डाव अर्धा टाकून उठलो. त्या बाईंचा चेहरा उतरला. मला फार अवघडल्यासारखे झाले. पाहुण्याच्या ताटावरून उठल्यासारखे.

जेवणाबद्दल एक गंमत. 'एसेन' या शब्दाचा जर्मनमधला एक अर्थ 'जेवणे' असा आहे, आणि आपल्यासाठी नेमकी तिथेच अडचण. आतल्या दुकानांत तळलेल्या सॉसेजचा वास सुटलेला असतो, ते बहुतेक डुकराच्या मांसाचे. चौकशी करत फिरण्यापेक्षा मी पहाटे उठून मेथीचे पराठे आणि उकडलेली अंडी बांधली होती. संध्याकाळी स्टेशनाजवळ हलाल पाटी असलेली तुर्की दुकाने सापडतात. या भागात ती सापडणारच. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, आणि इथल्या कोळशाच्या खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत हजारो लोक आले. खाणी बंद पडल्या, ते लोक इथेच राहिले.

जोहरची नमाज आम्ही जिन्याखालच्या एका रिकाम्या कोपऱ्यात पढली. असरही तिथेच. कुणी काही म्हणाले नाही. शेजारी भिंतीला टेकून दोन मुले पत्त्यांची नवी खोकी उघडून बसली होती, ती आमचे होईपर्यंत हळू बोलू लागली. एकच सांगते, असा कोपरा सकाळी आल्या आल्या हेरून ठेवावा. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तीच ठरवावी. गर्दीत फोनला रेंज असेलच असे नाही.

परतीच्या गाडीत तिघेही झोपलो. डॉर्टमुंड यायच्या आधी मला जाग आली. भाऊ समोर तोंड उघडे टाकून झोपला होता. कानाजवळचे केस पिकलेले. मनात आले, आज सकाळी सातपासून आम्ही बरोबर आहोत आणि मी त्याच्याशी काय बोलले? 'पाण्याची बाटली कुणाकडे आहे', 'हॉल पाच कुठे', 'थांब, तो दिसत नाही'. यासाठी एक दिवसाची रजा घेतली होती त्याने.

शुक्रवारी मामू-भाचे जुम्याला गेले. तिथला खुतबा तुर्की आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत झाल्याचे चिरंजीव मोठ्या अप्रूपाने सांगत आले. दुपारी चहा घेताना मामूने तो कागद मागितला. या मेळ्याला तो आधी दोनदा गेलेला होता.

"बेटा, दरवर्षी येणारे लोक खेळांची यादी करत नाहीत," तो म्हणाला. "ते हॉल ठरवतात. एक हॉल सकाळी, एक दुपारी. तिथे जे टेबल मोकळे, तिथे बसतात."

"मग चांगला खेळ हुकला तर?"

"हुकतोच. हजार खेळ आहेत. तू चोवीस खेळलास तरी नऊशे शहात्तर हुकणारच आहेत."

हा हिशेब मुलाला पटला. तो गणितानेच पटतो. त्याने बारांतले दहा खोडले. जो अगदी खेळायचाच असा एक ठेवला, आणि जमला तर पाहू असा आणखी एक. हॉल निवडणे आता सोपे आहे, कारण हल्ली खेळांच्या प्रकाराप्रमाणे हॉल लावलेले असतात. कुटुंबाने बसून खेळायचे एकीकडे, तासन् तास डोके चालवायचे दुसरीकडे. लहान मुले बरोबर असतील तर पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी. तिथली खेळणारी माणसेही अधिक निवांत असतात, असे माझे मत.

शनिवारी एसेनचीच झोलफराइन ही कोळशाची खाण पाहिली. १९८६ साली बंद झालेली ही खाण २००१ पासून जागतिक वारसा आहे. त्या लाल लोखंडी मनोऱ्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. त्या रात्री मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. पहाटे तीन वाजले की पुन्हा दोन. चिरंजिवांना हे कळल्यावर ते उडालेच, "अम्मी, एक तास फुकट!" लगेच पेन शोधू लागले. फुकटचे असे काही नसते. नमाजच्या वेळाही एक तास अलीकडे आल्या. जोहर सव्वाबारानंतर, असर पावणेतीनच्या सुमारास आणि मगरिब सव्वापाचला. रविवारी मेळा सहाला संपतो, म्हणजे तिन्ही आतच. ते लिहून झाल्यावर मामूने त्याच्या हातातले पेन काढून घेतले. "दुपारी तीन ते चार," तो म्हणाला, "इथे काही लिहायचे नाही. हा तास माझा."

रविवारी आम्ही पळालो नाही. पळणारे पुढे गेल्यावर सावकाश आत शिरलो. जो खेळ खेळायचाच होता त्याच्या टेबलामागे अर्धा तास उभे राहिलो आणि तो पूर्ण खेळलो. चिरंजीव शेवटून पहिले आले. जमला तर पाहू म्हणून ठेवलेला दुसरा खेळ होता 'अझुल'. हा मला स्वतःला इतका आवडला की त्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ २०१८ साली जर्मनीतल्या 'वर्षाचा खेळ' या मानाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. रंगीत चकचकीत फरशा उचलायच्या आणि आपल्या भिंतीवर नक्षी बसवायची. गरजेपेक्षा जास्त उचलल्या तर त्या खाली पडतात आणि गुण जातात. पोर्तुगालमध्ये अशा फरशांना 'अझुलेझू' म्हणतात आणि तो शब्द अरबी 'अल-जुलैज'वरून आलेला आहे. अंदलुसच्या मुस्लिम कारागिरांची ही कला. अल्हम्ब्रा पाहून पोर्तुगालचा राजा मॅन्युएल भारावून गेला, त्याच्या महालाच्या भिंती सजवायच्या, अशी खेळाची गोष्ट. आमच्याबरोबर एक जर्मन आजी खेळायला बसल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला जर्मन शून्य. तरी तिसऱ्या फेरीत मी निळी फरशी उचलायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी नुसती भुवई उचलली आणि मी हात मागे घेतला. त्या एका फरशीने माझे सात गुण गेले असते. डाव संपल्यावर त्यांनी माझा हात दाबला. गुरुवारच्या त्या डच बाईंची मला आठवण झाली.

तीन वाजले. असर झाली होती. आमचा तास.

जुने, वापरलेले खेळ विकणारीही दुकाने या मेळ्यात असतात. नव्याच्या झगमगाटात तिकडे लक्ष जात नाही, पण माझ्या मते आपल्यासारख्यांनी खरेदी तिथेच करावी. किंमत कमी आणि शेवटच्या दिवशी थोडी घासाघीसही चालते. तिथल्या ढिगात मामूने एक पिवळट लाल खोके उचलले. आत चार हात असलेला पट, लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या सोंगट्या. नाव भले लांब, त्याचा अर्थ 'माणसा, चिडू नकोस'. जर्मनीत हा खेळ घरोघरी असतो. म्युनिकच्या योसेफ फ्रीडरिश श्मिट यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मुलांसाठी तो तयार केला, आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळांत त्याचे संच पाठवले. तेव्हापासून तो देशभर पसरला. पण मूळ आपल्याकडचे. हा पचिसीचाच वंशज. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात दगडी पट आखलेला आहे तो पचिसीचा.

"आपा, हे बघ," भाऊ म्हणाला. "अम्मींचा अष्टा-चंगा."

तसा तो अष्टा-चंगा नव्हता. आमच्या पडवीत खडूने पाच बाय पाच घरे आखलेली असायची, फुल्या मारलेली घरे सुरक्षित, फुटक्या बांगड्यांच्या सोंगट्या आणि एका बाजूने घासलेले चार चिंचोके. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरायचे नाही. पण मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून चालायची, हे इथेही तसेच. पाच युरोला खोके घेतले. टेबल कुठेच मोकळे नव्हते. मेळ्यात माणसे भिंतीकडेला जमिनीवर बसून खुशाल खेळत असतात, आम्हीही बसलो. पडवीत बसायचो तसेच.

खोक्यात फासा होता. भावाने तो उचलला आणि परत ठेवला. अम्मींनी फासा कधी घरात येऊ दिला नाही. फाशाच्या खेळाबद्दल उलेमांचे म्हणणे काय आहे ते बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मी त्या चर्चेत पडत नाही. आमच्या घरी चिंचोके होते ते त्यामुळेच, एवढे खरे. "आता चिंचोके कुठून आणायचे?" मी म्हटले. चिरंजिवांनी काही न बोलता खिशातून तो वेळापत्रकाचा कागद काढला, कोऱ्या बाजूने त्याचे सहा तुकडे केले, त्यांवर एक ते सहा आकडे लिहिले आणि मामूच्या टोपीत टाकले.

खेळ सुरू झाला. पहिला सहा निघायला फार वेळ लागला. मग भावाने माझी पहिली सोंगटी मारली, आणि मारताना जीभ टाळ्याला लावून 'टक्' असा आवाज केला. अगदी अम्मींचा. त्याच्याही ते लक्षात आले. तो टोपीत हात घालून बसून राहिला, चिठ्ठी काही काढेना.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "फोन कुणाच्या हातात होता, आपा? सारखा हलत होता. मला मातीच दिसत होती नुसती."

फोन माझ्या दिराच्या हातात होता. आम्ही बायका घरीच होतो, मीही तो फोनवरच पाहिला, दुसऱ्या फोनवर. हे त्याला माहीत नव्हते. चार वर्षे तो समजत होता की मी तिथे होते आणि तो एकटाच नव्हता. मग मी त्याला सगळे सांगितले. शेवटच्या रात्री अम्मींनी काय खायला मागितले, ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी आणून दिला, त्याचे नाव घेतले होते का. घेतले होते. चिरंजीव मध्ये बसून दोघांकडे पाहत होते. मध्येच "मामू, तुमची पाळी" असे हळूच म्हणाले, आणि मग त्यांनीच मामूच्या वतीने चिठ्ठी काढली.

चार कधीच वाजून गेले होते. मगरिबची वेळ होत आली तेव्हा आम्ही उठलो. डाव अर्धाच राहिला. त्याने पटाचा फोटो काढून ठेवला, कोणाची सोंगटी कुठल्या घरात ते कळावे म्हणून.

ते खोके आता चिपळूणला आमच्या कपाटावर आहे. चिठ्ठ्या आतच आहेत, पण मोजल्या तर पाचच भरतात. सहाची मामूच्या टोपीत राहिली. फोनवर विचारले तर म्हणाला, "आहे माझ्याकडे. ईदनंतर येतो तेव्हा घेऊन येईन, डाव माझा पुढे होता."